प्रवासवर्णनातले ‘आपण’ म्हणजे नेमके कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतल्या प्रवासाच्या पानाबद्दल हे पत्र आहे. नेहमीच्या मर्यादेपेक्षा ते लांबले आहे. कापावेच लागले तर शेवटून कापा, मधून नको, एवढी विनंती.

प्रवासलेखांची हस्तलिखिते छपाईआधी तपासणे हे आमचे रोजचे काम. अंतर, उंची, शतक यांच्या चुका आता फारशा सापडत नाहीत, कारण त्या कोणीही दोन मिनिटांत पडताळू शकतो. सापडते ती वेगळीच गफलत. लेखात डोंगर असतो, देऊळ असते, जेवणाचे ताटही असते, पण ते बघणारा माणूस कुठे उभा आहे हे लेखकाने स्वतःलाही विचारलेले नसते. मराठीत ही गफलत लपत नाही. आपले व्याकरणच तिची चुगली करते.

सुरुवात ‘आपण’पासून. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की वाचक बाहेर, ‘आपण’ म्हटले की आत. हिंदीच्या ‘हम’ला ही सोय नाही. आता प्रवासलेखात हटकून येणारे ‘आपल्याकडे’ घ्या. जपानवरच्या लेखात ‘आपल्याकडे’ म्हणजे भारत. केरळवरच्या लेखात तेच ‘आपल्याकडे’ महाराष्ट्राएवढे होते. मेळघाटवरच्या लेखात ते आणखी आकसून पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांपुरते उरते, आणि धारणीत बसून हेच वर्तमानपत्र वाचणारा माणूस स्वतःच्याच घरात ‘तिकडचा’ होतो. लेखकाच्या मनात त्याचा अवमान करण्याचे काही नसते. त्याने फक्त वाचक गृहीत धरलेला असतो.

उपाय सोपा आहे. लेख पूर्ण झाला की पेन्सिलने प्रत्येक ‘आपल्याकडे’ला गोल करायचा आणि त्या जागी खरे नाव घालून पाहायचे: ‘कोथरूडमध्ये’, ‘देशावर’, ‘शाकाहारी घरांत’, ‘ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्याकडे’. वाक्य टिकले तर ठेवायचे. निम्मी तरी वाक्ये तिथेच गळतात. नागालँडवरच्या लेखांत ‘खाण्याचे फार हाल होतात’ हे वाक्य नेहमीचे. हाल कोणाचे? डुक्कर न खाणाऱ्याचे. मग तसे लिहावे, दोन शब्दांत काम भागते. त्याच लेखात आंबवलेल्या सोयाबीनच्या अखुनीला ‘उग्र दर्प’ असतो, आणि त्याच लेखकाच्या कोकणावरच्या लेखात तव्यावरचे सुकट मात्र ‘खमंग’ असते. दोन्ही वास नाकाला सारखेच झोंबणारे आहेत. एकाची सवय लहानपणापासून आहे, दुसऱ्याची नाही. तेवढे कबूल केले की अखुनीवरचा परिच्छेद सुकटाच्या परिच्छेदाइतकाच रसाळ होतो, हा अनुभव कोणत्याही उपसंपादकाला घेता येईल.

दुसरी चुगली क्रियापदांची. एक नेहमीचा परिच्छेद डोळ्यांसमोर आणा. ‘ड्रायव्हर म्हणाला’, ‘वेटरने सांगितले’, ‘एक म्हातारी चुलीशी बसली होती’, आणि पुढच्याच ओळीत ‘एक जर्मन गृहस्थ भेटले, ते म्हणाले’. कोणाला अहो-जाहो आणि कोणाला अरे-तुरे, याचे दोन रकाने कागदावर मांडून पाहा. रकाने जवळजवळ नेहमी कातडीचा रंग, पगार आणि जात यांच्या रेषेवरून दुभंगतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा पेच पडत नाही, कारण तिथे सगळेच ‘ही’ आणि ‘शी’. मराठी लेखकाला मात्र प्रत्येक वाक्यात निवड करावी लागते.

यावर सगळ्यांना सरसकट आदरार्थी बहुवचन लावणे हा उतारा नव्हे. मराठीत एकेरीला माया असते; आईला आणि विठोबाला आपण एकेरीतच हाक मारतो. कोकणातली आजी शहरातून आलेल्या साहेबाला बिनदिक्कत ‘बस रे’ म्हणते, तिथे तिला ‘त्या म्हणाल्या’ करणे कृत्रिम होते. आम्ही लावतो तो नियम एवढाच: प्रत्यक्षात जसे बोलणे झाले, तसे छापावे. गाडीत सहा दिवस पन्नाशीच्या चालकाला ‘काका’ म्हणायचे आणि लेखात ‘ड्रायव्हर म्हणाला’ लिहायचे, ही वस्तुस्थितीचीच चूक आहे, आणि उंची चुकवण्याइतकीच गंभीर. तसेच क्रियापदांच्या निवडीचे. स्थानिक माणूस ‘सांगतो’, ‘कुरकुरतो’, फार तर ‘निरागसपणे हसतो’. पाहुणा मात्र ‘मत मांडतो’. ‘निरागस’ हा शब्द तर चाळिशीच्या पुढच्या माणसाला लावूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बोलीचेही असेच. निवेदक स्वतः गाडीत ‘आयला, काय ऊन आहे’ म्हणालेला असतो, पण छापताना त्याची भाषा प्रमाण होते आणि गाववाल्याची तेवढी बोलीत राहते, तीही धड नाही. साताऱ्याकडचे ‘व्हय’ आणि वऱ्हाडातले ‘हाव’ एकाच तोंडी घातलेली हस्तलिखिते आम्ही पाहिली आहेत. बोली नीट ऐकलेली, टिपलेली नसेल तर साध्या मराठीत लिहावे आणि एखादाच खात्रीचा शब्द ठेवावा. लडाखच्या किंवा स्पितीच्या लेखात तर आणखी मौज असते. तिथला घरमालक अस्खलित, समासयुक्त मराठीत बोलतो. मूळ संभाषण हिंदीत झालेले असते, जी दोघांचीही मायबोली नाही, आणि त्या हिंदीत दोघांनाही जेवढे सांगता आले तेवढेच सांगितले गेले आहे. हे एकदा, एका वाक्यात यायला हवे. नाहीतर त्या माणसाचे थोडके बोलणे हा त्याचा स्वभाव ठरतो आणि लेखात ‘डोंगरी माणूस मितभाषी’ असा सिद्धांत तयार होतो.

निवेदक बदलला की जागा किती बदलते, हे पाहायला लांब जायला नको. कार्ल्याला जावे. लेण्यातले चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही आहेत. चैत्यगृहाच्या तोंडाशीच आई एकवीरेचे देऊळ आहे. आगरी-कोळी समाजाची ही देवी, अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांचीही कुलस्वामिनी, आणि चैत्रात तिची मोठी जत्रा.

पुरवणीत लेख येतो तो लेणी पाहायला गेलेल्याचा. त्याच्या लेखात देऊळ ‘आड येते’, भाविक म्हणजे ‘गर्दी’, पायऱ्यांवरची हार-नारळाची दुकाने म्हणजे ‘बकालपणा’. तो खोटे लिहीत नाही. त्याच्या कॅमेऱ्यात दर्शनी भिंतीची पूर्ण चौकट बसत नाही, हे खरेच आहे. पण त्याच पायऱ्या वेसाव्याहून पालखीबरोबर आलेले कुटुंब चढते तेव्हा गर्दी हीच जत्रा असते, आणि लेणे ही देवळाशेजारची गार सावलीची जागा. तिसरा येतो बौद्ध उपासक. त्याच्या दृष्टीने आतला स्तूप हे ‘शिल्पकलेचा उत्कृष्ट नमुना’ नाही, ती वंदनेची जागा आहे. लोक स्तूपाला टेकून फोटो काढतात तेव्हा त्याला जे वाटते, ते पहिल्या दोघांच्या लेखांत येऊच शकत नाही.

आता खांब वाचा. त्यांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे ग्रीक, त्यांत आहेत. दर्शनी बाजूचा एक लेख वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा आहे, आणि वैजयंती म्हणजे कर्नाटकातले बनवासी असे मानतात. ‘मूळचे’ कोण आणि ‘नंतर घुसलेले’ कोण, हा सूर या खांबांपुढे जरा खाली येतो.

लेखकाने तिघांच्या वतीने बोलावे असे आम्ही म्हणत नाही. तसे करायला गेले की लेख चर्चासत्रासारखा होतो. ‘मी लेणी पाहायला आलो होतो, त्यामुळे मला देऊळ आड येत होते’ एवढे वाक्य पुरते. आणि जमल्यास दोनदा जावे: एकदा साध्या बुधवारी सकाळी, एकदा चैत्रात.

नाशिकच्या लेण्यांबाबत दुसरीच गंमत होते. ‘पांडवांनी ही एका रात्रीत कोरली असे स्थानिक लोक म्हणतात’, आणि लगेच लेखक त्यांना दुरुस्त करतो. तिथल्या शिलालेखांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आहे, म्हणून दुरुस्ती बरोबरच आहे. पण ‘स्थानिक लोक’ म्हणजे कोण? पायथ्याच्या सोसायट्यांत राहणारे अभियंते स्थानिकच की! प्रत्येक ‘म्हणतात’ला तीन प्रश्न विचारावेत: कोण म्हणाले, कधी, कोणत्या भाषेत. उत्तर नसेल तर ओळ काढावी. बहुतेक ‘म्हणतात’ पुरातत्त्व खात्याच्या निळ्या फलकावरून किंवा दुसऱ्या प्रवासलेखातून आलेले असतात. मग ‘फलकावर लिहिले आहे’ असे सरळ म्हणावे, त्यात कमीपणा नाही.

मराठी माणूस महाराष्ट्राबाहेर पडला की ‘आपण’ची खरी परीक्षा होते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख आहे. तो पाहून आपल्या लेखकाची छाती फुगते, ‘आपले मराठे इथवर आले’ असे तो लिहितो. लिहू दे. पण हाच लेखक पुढच्या सुट्टीत बंगालला जातो. तिथल्या अंगाईगीतात मुलाला झोपवताना ‘बर्गी’ येतात. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. १७४२ पासून १७५१ पर्यंत त्यांच्या स्वाऱ्यांनी तो मुलूख होरपळला. कलकत्त्याभोवती याच भीतीने खंदक खणायला घेतला गेला आणि त्याचे नाव ‘मराठा डिच’ असेच पडले. कोलकात्यावरच्या मराठी लेखांत कालीघाट असतो, दक्षिणेश्वर असते, ट्राम आणि रसगुल्ला असतो; बर्गी क्वचित. आले तर ‘ते भोसल्यांचे सैनिक’ म्हणून. तंजावरला ‘आपले’ असलेले लोक बंगालमध्ये ‘ते’ कसे होतात? सर्वनाम दोन्हीकडे एकच ठेवा, मग दोन्ही लेख वाचण्यासारखे होतील. बंगाली यजमानाला बर्गींबद्दल विचारले तर तो रागावत नाही. बहुतेक वेळा त्याला ती अंगाई पाठ असते, आणि आपल्याला मिळणारा सगळ्यात चांगला परिच्छेद तिथेच मिळतो.

कोणी आपले वर्णन केले की कसे वाटते, हेही आपल्याला ठाऊक आहे. सातव्या शतकात, चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात, चिनी प्रवासी ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. इथले लोक साधे, प्रामाणिक, उपकार स्मरणारे, असे त्याने लिहिले, आणि सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत असेही लिहिले. भाषणांतून आपण पहिला अर्धा भाग ऐकत आलो आहोत.

जवळची उदाहरणेही आहेतच. मुळशीच्या ‘निळ्याशार जलाशया’खाली पन्नासेक गावांची जमीन आहे आणि त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. वर्षासहलीच्या लेखात त्यासाठी एक ओळ पुरे. तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणणाऱ्यानेही समोरचे पाणी कोयना धरणाचे आहे आणि तिथलेही लोक उठवले गेले, हे सांगावे.

निवेदकाने स्वतःला न लपवता कसे लिहावे याचा धडा मराठीत जुनाच आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकेत फिरल्या आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठी वाचकांसाठी लिहिले. परतंत्र देशातली एक स्त्री तिथली घरे, शाळा, कायदे, स्त्रियांच्या संस्था पाहते आहे, हे त्या कुठेही विसरू देत नाहीत. स्त्रियांच्या संघटनांचे त्यांना मनापासून कौतुक आहे, आणि काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना दिलेली वागणूकही त्याच नजरेला दिसते. बघणारी कोण हे ठाऊक असल्यामुळे दोन्ही गोष्टींवर विश्वास बसतो.

आता संपादकांच्या कात्रीबद्दल, कारण दोष सगळा लेखकांचा नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये यज्ञाची दक्षिणा मिळेल या आशेने ग्वाल्हेरकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये छापला, पण मजकुरात फेरफार करून. मुळाबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. मधल्या सहा दशकांत वाचकांसमोर होते ते संपादित गोडसे. भटजींची नजर भिक्षुकाची आहे. दक्षिणा किती मिळाली, स्नानसंध्या कुठे उरकली, अन्न काय होते, गंगेची कावड घरापर्यंत कशी न्यायची, यातून ते युद्ध पाहतात. हे ‘विषयांतर’ म्हणून उडवले तर उरते ते कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळेल.

आजच्या पुरवणीत बाराशे शब्दांची मर्यादा असते आणि कात्री नेमकी तिथेच चालते. घासाघीस, गैरसमज, कोणी आत येऊ दिले नाही तो प्रसंग, न समजलेला विधी, हे सगळे जाते. ‘नयनरम्य’, ‘विलोभनीय’ आणि ‘अविस्मरणीय’ शाबूत राहतात. उलट करून पाहा. पहाटे साडेपाचला शहराच्या धकाधकीतून निघाल्याचा आणि वाटेत गरम पोहे खाल्ल्याचा पहिला परिच्छेद आधी काढा. दीडशे शब्द वाचतात आणि कोणाचेच काही बिघडत नाही. मग विशेषणे काढा. एवढ्यावर लेख मर्यादेत येतो, प्रसंगाला हात लावावा लागत नाही. आणि लेखिकेच्या मजकुरातले ‘मी गेले’, ‘मी थांबले’ कृपा करून ‘आम्ही गेलो’ करू नका. त्या ‘गेले’वर पुढचा सगळा सल्ला अवलंबून असतो. ‘रात्री उशिरापर्यंत घाटावर निवांत बसलो’ हे पुरुषाने लिहिले आहे की बाईने, यावर वाचणारी बसायचे की नाही हे ठरवते.

आमची मागणी एका ओळीची आहे. लेखकाच्या नावाखाली बारीक टायपात पाच गोष्टी छापाव्यात: कोणत्या महिन्यात गेले, किती रात्री राहिले, सोबत कोण होते, तिथे कोणत्या भाषेत बोलले, आणि खर्च कोणी केला. उदाहरणार्थ, ‘फेब्रुवारी, दोन रात्री, पती व मुलगी, हिंदी, वाटाड्यामार्फत कोरकू, स्वखर्चाने’. हॉटेलने किंवा पर्यटन कंपनीने नेले असेल तर तेही तिथेच. दोन रात्री राहून ‘इथला माणूस’ या विषयावर निष्कर्ष काढणाऱ्या लेखाचा तोल ही ओळ आपोआप सांभाळते, कारण ती वर दिसत असताना लेखकाचाच हात आखडतो.

राहिली ‘कसे जाल?’ची चौकट. तिच्यातही एक निवेदक बसलेला आहे, आणि त्याच्याकडे स्वतःची गाडी आहे. पुण्याहून किती किलोमीटर, पार्किंग कुठे, पेट्रोल पंप कुठे, एवढेच त्याला माहीत असते. लातूर, अकोला, जळगाव इथून येणाऱ्यासाठी जवळचे रेल्वे स्थानक लिहा. पायऱ्या किती, त्या न चढता काय पाहता येते, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते उघडे असते का, हे लिहा. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ तर हवीच, आणि ती त्या आगारात फोन करून विचारा. जालावर सापडते ती बहुधा बंद झालेल्या फेरीची असते.

आपले विश्वासू,
प्रवासलेखांचे काही मुद्रितशोधक, पुणे